अंत्यचुंबनाला अडकणारं चित्र

१

आमच्याकडे माणूस गेला की आधी फ्रीजर येतो, मग मी.

फ्रीजर म्हणजे काचेचं झाकण असलेली लांबट पेटी. परदेशातला मुलगा विमानानं येईपर्यंत बाप त्यात टिकवायचा. ज्यांना सुट्टी मिळत नाही त्यांच्यासाठी मी. अंगणात तंबू लागतो, प्लॅस्टिकच्या खुर्च्या उतरतात, आणि मी लॅपटॉप, दोन माईक आणि केबलचं भेंडोळं घेऊन कोपऱ्यात टेबल मांडते. घरापासून चर्चपर्यंत, चर्चपासून खड्ड्यापर्यंत सगळं थेट दाखवायचं. स्टुडिओ कुरियाच्चनचा. ते माझ्या बापाचे चुलतभाऊ. कॅमेरा त्यांच्या हातात, बाकी सगळं माझ्या. लग्नंही घेतो आम्ही, पण या रबराच्या मळ्यांच्या डोंगरांत लग्नाच्या वयाचं उरलंय कोण? मोठमोठी घरं, खाली ग्रॅनाइट, वर टाक्या, आणि आत दोन म्हातारी माणसं. मरणं मात्र नियमित.

चर्चमध्ये शेवटी अंत्यचुंबन असतं. घरचे एकेक पुढे येऊन मेलेल्याच्या कपाळावर ओठ टेकवतात. मग चेहऱ्यावर रुमाल, मग झाकण. बाहेरच्यांचं चुंबन राहून जातं, म्हणून कुरियाच्चननी एक पद्धत पाडली. घरच्यांचं झालं की कॅमेरा सरळ चेहऱ्यावर न्यायचा आणि तिथंच धरून ठेवायचा. पर्थ, टोरांटो, कुवेत, जिथं असतील तिथं ती माणसं टीव्हीला, फोनला ओठ लावतात. पहिल्यांदा केलं तेव्हा अच्चन, म्हणजे आमचे पाद्री, चिडले होते. आता ते स्वतःच थांबतात आणि माझ्याकडे बघून भुवई उडवतात : झालं का बाहेरच्यांचं?

मी इंजिनिअरिंग तिसऱ्या सेमिस्टरला सोडलं. हजेरी कमी भरली म्हणून विभागप्रमुखानं बापाला बोलावून घेतलं, आणि बाप येऊन त्याच्याच बाजूनं माझ्यावर ओरडला. मी दोघांनाही सोडलं. त्यातल्या एकाच्या घरात अजून राहते, एवढंच.

लॅपटॉप माझा. कॉलेजसाठी नवा घेतलेला, खोक्यातून मीच काढलेला. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स, फुकट मिळणारं. आमच्याकडे सरकारी शाळेत सगळे त्याच्यावरच शिकतात, त्यामुळे मला त्यात विशेष काही वाटत नाही. घरच्या विहिरीच्या पाण्याचं कुणी कौतुक करतं का?

२

लॅपटॉप पहिल्यांदा अडकला तो शाळेतल्या अलेयाम्मा टीचरच्या अंत्ययात्रेत.

घरच्यांचं चुंबन झालं. कुरियाच्चननी कॅमेरा टीचरच्या चेहऱ्यावर नेला. नाकात कापूस, ओठ जरा उघडे, शिकवताना असायचे तसेच. मी आवाज बघत होते. एकदम स्क्रीन थिजली. बाण हलेना. चित्र आडव्या पट्ट्यांत फाटलं, पट्ट्या एकमेकींवर सरकल्या, आणि क्षणभर सगळं जुळून आलं. पण जुळून आलं ते टीचरचं तोंड नव्हतं. एका टेबलाचा कोपरा होता. पिवळट लाकूड, त्यावर पाण्याचा ओला गोल डाग.

मग काळं.

हात आपोआप चालले. नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर गेले, चित्राचा भाग बंद करून परत सुरू केला. तोवर रुमाल टाकून झाला होता. आवाज मात्र अखंड गेला होता. आवाजाचा आणि ग्राफिक्सच्या चिपचा काही संबंध नसतो.

चर्चच्या पायरीवर कुरियाच्चन माझ्यावर तुटून पडले.

“पर्थहून टीचरच्या मुलीचा फोन आलाय. रडतेय. तिचं चुंबन घ्यायचं राहिलं.”

“परत दाखवू का? पेटी उघडून?”

“एडी, पोरी, तोंड सांभाळ. यंत्र फुकटचं आहे म्हणून असं होतं. सगळं जग पैसे देऊन घेतं, तू फुकटचं घालून बसलीस.”

“तुमचा कॅमेरा पण लग्नात बंद पडला होता. तो विकत घेतलेला होता ना?”

“तेव्हा नवरा तरी जिवंत होता,” कुरियाच्चन म्हणाले आणि स्वतःच हसले. त्यांचं चिडणं तेवढंच टिकतं.

घरी येऊन नोंदी वाचल्या. नेहमीचंच : चिप प्रतिसाद देत नाही, पुन्हा सुरू करत आहे. टेबलाचंही उत्तर माझ्याकडे होतं. ग्राफिक्सची मेमरी कुणी नीट पुसत नाही. चिप चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, कोसळला की आधीचं उरलंसुरलं पडद्यावर येतं. फळा घाईनं पुसला की खालचं कालचं गणित दिसतं, तसं. कुठल्यातरी लग्नाच्या फितीतलं टेबल असणार.

मला तसं टेबल आठवत नव्हतं. पण टेबलं कोण आठवत बसतं.

३

दुरुस्तीची एक रीत असते. आधी दोष आपल्या हातानं घडवून आणायचा. घडवता आला तर पकडता येतो.

मी सगळं करून पाहिलं. ड्रायव्हर नवा घातला, मग जुना घातला. चिपवर इतका भार टाकला की लॅपटॉपवर पप्पडम भाजता आला असता. पंखा किंचाळत होता, चित्र पाण्यासारखं वाहत होतं. पप्पा दारात येऊन उभे राहिले.

“जळेल ते.”

“जळू दे.”

“तुझं असंच. चाललेलं मोडायचं.” ते थांबले. “चहा हवाय?”

“नको.”

त्यांनी तरी आणून ठेवला. माझा बाप वाईट माणूस नाही. तो काहीच नाही. त्याच्या बापानं त्याला काही होऊच दिलं नाही, आणि यानं कधी मागितलं नाही.

घरी एकदाही अडकला नाही. पुढच्या अंत्ययात्रेत, कॅमेरा चेहऱ्यावर स्थिरावला आणि अडकला.

या वेळी जास्त दिसलं. तेच टेबल, पण जरा मागून. टेबलामागे खिडकी, तिच्यात राखाडी उजेड. आमच्याकडे तेव्हा दुपारचं ऊन डोळ्यांत घुसत होतं. खुर्चीच्या पाठीवर चौकटीचं पातळ पंच्याचं कापड वाळत टाकलेलं. शेगडीवर तांदळाच्या पिठाचा पुट्टू उकडायचं उभं भांडं. म्हणजे घर आमच्याच माणसांचं. जग कुठंही नेऊन टाका, ते भांडं सोबत जातं. मी खिशातून फोन काढून स्क्रीनचा फोटो घेतला. नंतर बघितला तर फोटोत नुसत्या हिरव्या-जांभळ्या पट्ट्या.

उरलेल्या मेमरीचं उत्तर इथं जरा लंगडलं. उरलेलं म्हणायचं तर आधी कधीतरी ते या यंत्रावर आलेलं असायला हवं. हे यंत्र माझ्याशिवाय कुणाच्या हातात गेलेलं नव्हतं. मग म्हटलं, बघणाऱ्यांपैकी कुणाचातरी कॅमेरा चालू असेल. पण थेट प्रक्षेपण एकाच दिशेला जातं. तिकडून परत येतं काय, तर किती जण बघताहेत तो आकडा आणि हात जोडलेली चित्रं. चेहरे नाहीत. खोल्या तर नाहीतच.

आणि एक गोष्ट मी तेव्हा स्वतःशीही बोलले नाही. पहिल्या वेळी टेबलाचा कोपरा होता. या वेळी खोली होती. काल पुसलेला फळा आज जास्त दाखवत नाही.

४

तिसऱ्या वेळी खिडकीच्या कट्ट्यावर चेंडू दिसला.

तपकिरी, मळकट, वेडावाकडा. परक्या माणसाला ती शेणाची गोळी वाटेल. आमच्याकडच्या कुठल्याही पोराला विचारा. रबराच्या झाडावर चीक ओघळून वाळला की त्याची पट्टी निघते. ती ओढून काढायची, ताणायची, गुंडाळायची, पट्टीवर पट्टी. असा चेंडू घराच्या कौलांपर्यंत उडतो आणि कपड्यांना लागला तर वास महिनाभर जात नाही. दुकानात मिळत नाही. हातानंच करावा लागतो, आणि करायला झाडं लागतात.

आमच्या झाडांच्या पट्ट्या शेरिनचेची आणि मी काढायचो. चेची म्हणजे मोठी बहीण. मधे भाऊबिऊ कुणी नाही, नुसतं वर्षांचं मोठं अंतर. आई माझ्या जन्मानंतर फार टिकली नाही, त्यामुळे मला शेरिनच्या कडेवरून जग दिसलं. पट्ट्या काढायला परवानगी द्यायचा चेल्लप्पन. तो चीक काढायला आमच्या झाडांना चिरा पाडायचा. त्याचा मुलगा सनल. शेरिन नर्सिंग शिकली, आणि तिनं सनलशी लग्न केलं.

चेल्लप्पनही ख्रिस्तीच आहे. येशू तोच. फक्त त्यांचं चर्च डोंगराखाली, आणि मेल्यावरची जागाही वेगळी. आमचे लोक सांगतात की साक्षात एका प्रेषितानं समुद्रावरून येऊन आमच्या पूर्वजांवर पाणी शिंपडलं. त्या पाण्यानं एवढी शतकं डोक्यातला जातीचा मळ तेवढा निघाला नाही.

अप्पच्चन, म्हणजे माझे आजोबा, यांनी आरडाओरडा केला नाही. आमच्याकडे रोज संध्याकाळी गुडघे टेकून प्रार्थना असते, आणि शेवटी घरातल्या मेलेल्यांची नावं घेऊन त्यांच्या आत्म्यासाठी मागतात. त्या संध्याकाळी आईच्या नावानंतर अप्पच्चननी शेरिनचं नाव घेतलं. शांतपणे. पप्पा आमेन म्हणाले. तेव्हापासून रोज. एका जिवंत बाईच्या आत्म्याला रोज शांती.

ती कुठं गेली ते कुणी सांगत नाही. कुणी म्हणतं बर्मिंगहॅम, कुणी म्हणतं न्यूझीलंड. जुन्या नंबरवर मी अजून निरोप पाठवते. एकच टिक उमटते, दुसरी कधीच नाही. एकदा कुरियाच्चनच्या बायकोनं मला बाजूला घेऊन सांगितलं, “मोळे, बाळ, कुणीतरी म्हणत होतं ती राहिली नाही. खरं-खोटं देव जाणे.” आणि मग मला केळ्याचे चिप्स दिले. आमच्याकडे असं सांगतात आणि वर खायला देतात.

चेंडू बघितल्यावर मी चित्र परत आणायला उशीर केला. जरासाच. खुर्चीवरचं कापड या वेळी नव्हतं. कुणीतरी उचललं होतं.

५

मग तक्रार आली. कुरियाच्चननी स्टुडिओचं शटर अर्धं खाली ओढलं, म्हणजे प्रकरण गंभीर.

“डेल्ना, खरं सांग. तू मधे स्वतःचं तोंड दाखवतेस?”

“काय?”

“मस्कतहून फोन. अंत्यचुंबनाच्या वेळी चित्र अडकलं आणि एका पोरीचं तोंड आलं म्हणे. लॅपटॉपवर बसते तीच पोरगी. आधी वाटलं एकाची नजर चुकली असेल. पण तिघांचं तेच.”

मी लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. वरच्या बारक्या कॅमेऱ्यावर कॉलेजपासून काळी चिकटपट्टी आहे. मी तिच्यावर नख मारून दाखवलं.

“मग कुठून आलं?”

“काय करत होते मी त्यात?”

कुरियाच्चन जरा चाचरले. “डोळे मिटलेले होते, म्हणाले. वरून घेतल्यासारखं. मी त्यांना सांगितलं, पोरगी कामावर झोपते, मी बघतो तिच्याकडे.” मग नेहमीचा सूर लावला, पण माझ्याकडे न बघता. “झोपत जाऊ नकोस.”

त्यांच्या मशीनवरची साठवलेली फीत मी पुढेमागे करून पाहिली. त्या जागी काळं होतं. आवाजात कोरस नीट चालू.

त्याच आठवड्यात मला दोष सापडला. एवढा साधा की लाज वाटावी. वीज वाचवायला चिप डुलकी घेते. पडद्यावर काही हललं नाही की ती झोपते, आणि पडदा शेवटचं चित्र स्वतःच धरून ठेवतो. माझ्या यंत्रात तिला त्या डुलकीतून नीट जागं होता येत नव्हतं. म्हणून अंत्यचुंबन. लग्नात, मिरवणुकीत, सगळीकडे काहीतरी हलतं. मेलेल्याच्या चेहऱ्यावर काही हलत नाही. खरं तर कॅमेऱ्याच्या चित्रात बारीक कण सतत वळवळत असतात, पूर्ण स्थिर असं काही नसतंच. पण मी त्यावर विचार थांबवला. उत्तर मिळालं की माणूस त्याच्या फटीत बोट घालत नाही.

उपाय एका ओळीचा. यंत्र सुरू होताना चिपला सांगायचं, झोपू नकोस. मी ती ओळ घातली. पुढच्या अंत्ययात्रेत चित्र पाण्यासारखं गेलं. मेलेल्याचा चेहरा, रुमाल, झाकण. अच्चननी भुवई उडवली, मी मान हलवली. कुरियाच्चननी मला बीफ आणि पोरोट्टा खाऊ घातला.

“बघ. मनावर घेतलंस की जमतं.”

ते कुठल्याशा लग्नाबद्दल बोलत होते आणि मी त्या खोलीचा विचार करत होते. ते कापड उचलणारं माणूस कुठं गेलं असेल. पुट्टू झाला असेल का. आता तिकडे काय दिसत असेल. की ओळ घातल्यावर तिकडेही सगळं बंद पडलं.

६

अप्पच्चन सकाळी गेले, भाताची कांजी पिऊन, मिशा पुसून. जगाशी त्यांचा हिशोब चुकता होता असंच तोंड होतं.

घर भरलं. फ्रीजर आला. या वेळी तंबूवाल्यानं मला बघून विचारलं, “आज पण तूच?” मी म्हटलं, “मग काय, घरचं काम दुसऱ्याला देऊ?”

पुरायच्या दिवशी पप्पा स्वयंपाकघरात उभे होते, हातात रिकामा ग्लास. आत्या ओट्याशी केळीची पानं पुसत होत्या. मी सगळ्यांसमोरच विचारलं.

“शेरिनला कळवलंत?”

एका आत्याच्या हातातलं पान फाटलं. पप्पांनी ग्लास खाली ठेवला.

“आज नको, मोळे.”

“मग कधी? आता घरात कोण उरलंय नाही म्हणणारं?”

“माझ्याकडे नंबर नाही.”

“शोधलात कधी?”

“तू शोधलास ना,” पप्पा म्हणाले. “मिळाली?”

मला वाटलं होतं त्यांना त्या एकट्या टिकबद्दल माहीत नसेल.

मोठ्या आत्या पुढे आल्या. “मेलेल्या माणसाच्या घरात हे काय लावलंयस? अप्पच्चनच्या आत्म्याला त्रास होईल.”

“होऊ दे की. त्यांनी जिवंत पोरीच्या आत्म्याला एवढी वर्षं दिला.”

“पॉली, आवर हिला. कॉलेज नाही, नवरा नाही, नुसती जीभ.”

पप्पांनी मला आवरलं नाही. बाहेरून कुरियाच्चननी हाक मारली. “एडी, आज अडकायला नको हं. तुझे सगळे काका परदेशात आहेत. अमेरिकेतले मध्यरात्री उठून बसलेत. काय ती ओळ आहे ना तुझी?”

“आहे.”

मी खोलीत जाऊन दार लावलं, लॅपटॉप उघडला आणि ती ओळ काढून टाकली.

काकांचं चुंबन राहिलं तर राहिलं. अप्पच्चनच्या कपाळाला ओठ लागोत न लागोत, ते जिथं जायचे तिथं जातील. मला बहीण बघायची होती. जिवंत आहे की नाही एवढंच. यंत्र सुरू करताना एक मन सांगत होतं की हे सगळं चिपच्या डुलकीचं काम आहे, चेंडू कुणाच्याही खिडकीत असू शकतो, तुला झोप मिळालेली नाही. दुसरं मन फक्त वाट बघत होतं.

७

चर्चमध्ये माझं टेबल डाव्या खांबाशी असतं, आवाजाच्या पेटीला लागून. बायबलचं वाचन करणाऱ्यांचा माईक वाचन संपल्यावर माझ्याच टेबलावर ठेवतात.

अंत्यचुंबन सुरू झालं. आत्या, त्यांचे नवरे, मग नातवंडं. मी गेले नाही, काम होतं. पप्पा सगळ्यांत शेवटी गेले, वाकले, आणि जागेवर परत जाण्याऐवजी चालत माझ्या टेबलामागे येऊन उभे राहिले. का ते मला माहीत नाही. कोरस हळू झाला. कुरियाच्चननी कॅमेरा चेहऱ्यावर नेला आणि धरला.

टक्कल. पांढऱ्या मिशा. काही हललं नाही.

स्क्रीन थिजली, फाटली, सरकली, जुळली.

खोली. खिडकीतून तोच राखाडी उजेड. या वेळी टेबलाशी बाई बसली होती. डोक्याला ते चौकटीचं कापड गुंडाळलेलं, न्हाऊन झाल्यावर आमच्याकडे गुंडाळतात तसं. चष्मा. गालांची हाडं वर आलेली. वय झालं होतं तिचं. मी मनात जपलेल्या मुलीपेक्षा ही बाई कितीतरी थकलेली होती, आणि तरी मला क्षणभरही शंका आली नाही. ती स्क्रीनकडे बघत होती, म्हणजे माझ्याकडे, आणि मला बघत नव्हती.

चित्र परत आणायची कळ मी दाबली नाही. समोर कुरियाच्चन कॅमेऱ्याच्या मागून डोकं काढून हातवारे करू लागले. अच्चननी भुवई उडवली. मी हललेच नाही.

ती पुढे झुकली. ओठांनी काहीतरी पुटपुटत, हळूहळू जवळ. चेहरा मोठा होत गेला. तेव्हा तिच्या चष्म्यात, दोन्ही काचांत, तिच्यासमोरचं चित्र दिसलं. पेटी. पांढरी फुलं. फुलांच्या मधे चेहरा. मला तो अप्पच्चनचाच वाटला, कारण तोच असायला हवा होता.

पण त्या चेहऱ्याला केस होते. काळे, मधोमध भांग पाडलेले. मी तो चेहरा रोज आरशात बघते. डोळे मिटलेला तेवढा कधी पाहिला नव्हता.

शेरिननं डोळे मिटले आणि काचेला ओठ लावले. काच धुरकटली. इकडच्या बाजूनं.

माझ्या मागं पप्पांचा श्वास अडकल्याचं ऐकू आलं.

मला वाटलं, हिला कुणी काय सांगितलंय? तिकडे कोण रोज संध्याकाळी गुडघे टेकून माझं नाव घेतंय? आणि मग वाटलं, चित्र गेलंय, पण आवाज जातोय. आवाजाचा आणि त्या चिपचा संबंध नसतो.

मी टेबलावरचा माईक उचलला आणि त्याच्या आवाजाची कळ वर केली.

“शेरिनचेची,” मी म्हटलं. चर्चच्या सगळ्या भिंतींतून ते नाव परत आलं. “मी डेल्ना. मी आहे. मेले नाही मी. इथं आहे.”

कोरस थांबला. बाकांवर माना वळल्या. मोठ्या आत्यांचा आवाज आला, “पॉली, माईक घे तिच्याकडनं.” पप्पा हलले नाहीत.

काचेवरचे ओठ दूर झाले. तिनं डोळे उघडले. तिला ऐकू आलं होतं. पण ती स्क्रीनकडे बघेना. ती वळली. मागे, खोलीच्या दाराकडे, कुणी पाठीमागून हाक मारावी तशी. खुर्ची सरकवून उठली. डोक्याचं कापड सुटून खांद्यावर आलं. ती दाराबाहेर गेली, घाईघाईनं, बाहेर कुणी उभं असल्यासारखी.

खोली रिकामी राहिली. मी रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. मग चित्र आपोआप परत आलं, मी काही न करता, आणि पडद्यावर पांढऱ्या मिशा होत्या, आणि कुणाचातरी हात त्यांच्यावर रुमाल टाकत होता.

८

गावानं जे बोलायचं ते बोलून झालं. पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय. आईविना वाढली. जास्त शिकवली, कमी शिकवली. अमेरिकेतल्या काकांनी सांगितलं की चित्र क्षणभर अडकलं होतं, आवाज मात्र छान आला, आणि असा तमाशा आपल्या घरात व्हायला नको होता. पोरीचं तोंड दिसलं असं या वेळी कुणी म्हटलं नाही. मी दोनतीन जणांना विचारलं. नाही म्हणाले.

संध्याकाळच्या प्रार्थनेत आता मेलेल्यांची नावं पप्पा घेतात. अप्पच्चनचं घेतात, आईचं घेतात, आणि थांबतात.

ती ओळ मी परत घातलेली नाही. तरीही लॅपटॉप अडकत नाही. मी जुना ड्रायव्हर शोधून घातला, ज्यावर पहिल्यांदा कोसळला होता तोच. चिपला मुद्दाम झोपवते, उठवते, पुन्हा झोपवते. स्थिर चित्र लावून समोर बसून राहते. भार टाकते. दोष घडवून आणायच्या जेवढ्या रीती आहेत तेवढ्या झाल्या. चिप दर वेळी शहाण्या मुलीसारखी जागी होते. नोंदींत एक वाकडी ओळ नाही. कुरियाच्चन सगळ्यांना सांगतात की पोरीनं अखेर यंत्र माणसाळवलं.

जुन्या नंबरवर एकच टिक.

पप्पा आता प्रत्येक अंत्ययात्रेला येतात. ओळखीचं माणूस असो नसो. लोकांना वाटतं, बाप गेल्यापासून हळवा झालाय. अंत्यचुंबनाची वेळ झाली की ते बाकावरून उठतात आणि माझ्या टेबलामागे येऊन उभे राहतात. त्या दिवशी त्यांना काय दिसलं ते मी विचारलेलं नाही. त्यांनी सांगितलेलं नाही. आमच्या घरात कुणी कुणाला काही सांगत नाही, तेवढं अप्पच्चननी पक्कं शिकवलंय.

काल गावातल्या चाक्कोमाप्पिळांना पुरलं. कॅमेरा चेहऱ्यावर आला आणि थांबला. कोरस मंदावला. पडद्यावर काही हलत नव्हतं. पप्पांचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता, लाकूड घट्ट धरलेलं. अच्चननी भुवई उडवली. मी मान हलवली नाही. अजून थोडं थांबू दे त्यांना.

“अडकलं?” पप्पांनी हळूच विचारलं.

“नाही.”

“थांब जरा,” ते म्हणाले. “उठू नकोस.”